अभय दिलेला मासा

पैठण रस्त्यावरील आमच्या गावचे शिवकुंड ओढ्याच्या पाण्यावर भरते. त्यातील माशांना पूर्वजांनी अभय दिलेले. तेथे कोणी गळ टाकीत नाही. चाळीस वर्षे पूजा माझ्याकडे आणि माशांना कणकेच्या गोळ्या टाकणे चतुराबाईकडे होते. तिचे घर कुंडालगतच.

दोन वर्षांपूर्वी तनुजा नावाची संशोधक मुलगी आली. ओढ्याच्या वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारा प्लेटिंगचा कारखाना झाला होता. तिने कुंडातला एक मासा तपासणीसाठी मागितला.

"मासे तर उत्तम पोहत आहेत," मी म्हणालो.

"लगेच मरत नाहीत, गुरुजी. कारखान्याचं पाणी कधीमधी सुटतं, वाहून जातं. माझ्या बाटलीत सापडेलच असं नाही. त्यातला कॅडमियम हा विषारी धातू मात्र माशाच्या यकृतात, मूत्रपिंडात साठत राहतो. माणसाच्याही. इथलं पाणी कोणी पितं का?"

"तीर्थापुरते," असे सांगून मी मासा नाकारला.

चतुराबाई पलीकडच्या पायरीवर कणीक मळत होती. मुलगी गेल्यावर मी मासा नाकारल्याचे सांगितले, तशी ती म्हणाली, "लई बरं केलं, गुरुजी. चिरायला आपलीच लेकरं गावली व्हय तिला?"

त्या कौतुकाने मी सुखावलो. तनुजाचा शेवटचा प्रश्न मात्र मी तिला सांगितला नाही.

यंदा चतुराबाईच्या पायांवर सूज आली, हाडे ठणकू लागली आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. तेव्हा मी तनुजाला बोलावले आणि माझ्याच उपरण्यात एक मासा धरून दिला. त्याच्या यकृतात कॅडमियम मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. बाईचा आजार त्यानेच झाला, असे डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत. त्या अनिश्चिततेचा आधार घ्यावा, असे मला क्षणभर वाटले.

शहरातल्या दवाखान्यात, तिच्या खाटेशी बसून मी सर्व सांगितले: मासा नाकारला, आणि प्रश्नही लपवला.

 ती म्हणाली, "मी तर सैपाकालाबी तेच पाणी घ्यायची. देवाचं म्हणून. तुमी घरी कोणतं प्यायचा, गुरुजी?"

"मुलाने फिल्टर बसवला आहे," मी म्हणालो. "सहा वर्षे झाली."

तिने हळूच कूस बदलली.