हिरव्या रंगाखालचा मी

इकडे, नारळाच्या बुंध्याशी बघा. झावळ्यांच्या ढिगाशेजारी आडवा पडलोय ना, तोच मी. वरच्या गॅलरीचा कठडा बोलतोय. आज भंगारात निघालोय म्हणून हसू नका. एके काळी मी भलता तालेवार होतो!

अलिबागच्या एका वेल्डरने मला घडवलं आणि मांडव्याजवळच्या या वाडीत आणून बसवलं. घरमालक अण्णा खाली राहतात, वरची जागा भाड्याने देतात. दर गणपतीच्या आधी अण्णा स्वतः मला हिरवा ऑइलपेंट लावायचे. हौस दांडगी! पण खाऱ्या वाऱ्याने चढलेला गंज खरवडायचे मात्र नाहीत. रंगावर रंग, रंगावर रंग. त्यांच्या पत्नी गोदावरीकाकू म्हणायच्या, "अहो, आधी पॉलिशपेपर तरी मारा." अण्णा म्हणायचे, "तू तुझे मोदक बघ." बाहेरून मी नवरदेवासारखा दिसायचो. आतून भुसभुशीत होत चाललो होतो, पण मला विचारतो कोण?

यंदाच्या पाडव्याला सलिल आणि आश्लेषा राहायला आले. सलिल जेट्टीवर नोकरीला, आश्लेषा घरी शिकवण्या घेणारी. त्यांची लेक तुळशी तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती. अण्णांनी त्यांच्यासाठी मला ताजा रंग दिलेला. तो वाळायच्या आत पोरीने माझ्या खालच्या रुंद पट्टीवर पंजा टेकवला. आश्लेषा ओशाळली. अण्णा मात्र खदखदून हसले. "राहू दे गं! अकरा महिन्यांच्या करारावर हिचीच सही राहिली होती." तो इवलासा पंजा माझ्या अंगावर तसाच राहिला. खरं सांगतो, माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

श्रावणात आश्लेषाने माझ्यावर गोधडी वाळत टाकली आणि माझा समुद्राकडचा पाय सिमेंटातून हलला. लादीवर तांबडा भुगा पडला. तिने अण्णांना वर बोलावलं.

"अण्णा, समुद्राकडून हा कठडा हलतोय. वेल्डरला बोलवा ना."

"हलतोय? माझ्या घरातला?" अण्णांनी मला धरून गदागदा हलवलं. पण कुठे? भिंतीकडच्या टोकाला, जिथे पाऊस पोचतच नाही! तिथे मी पक्का होतो. अहो अण्णा, तिकडे नको, इकडे या, असं जिवाच्या आकांताने ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाला तोंड कुठलं!

"बघ, ढिम्म हलत नाही. गणपतीला रंग द्यायचाच आहे, तेव्हा बघू," म्हणत अण्णा जिना उतरले.

आश्लेषाने गॅलरीचं दार दोरीने बांधून टाकलं. एका सकाळी कपडे काढायला ती दोरी सोडून बाहेर आली आणि तिच्या मागोमाग तुळशीही. पोरीने माझा गज धरला. तो खालून सुटला आणि बाहेर झुकला. आश्लेषाने झग्याला धरून तिला मागे ओढलं आणि तिथेच लादीवर बसून कितीतरी वेळ उराशी घट्ट धरलं. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्याच संध्याकाळी दोघं अण्णांकडे गेले. जागा सोडतोय म्हणाले.

"करार फेब्रुवारीपर्यंत आहे," अण्णा उसळले. "आणि गणपती तोंडावर आलेत. एका गजासाठी भरल्या घरातून कोणी असं उठतं?"

"गजासाठी नाही, अण्णा," आश्लेषा म्हणाली. "मी सांगितलं, तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत. आता या घरात माझा डोळा लागत नाही."

"जा मग," अण्णा म्हणाले.

टेम्पो निघाला तेव्हा तुळशी हात हलवत होती. अण्णा पाठमोरे उभे राहून नारळ सोलत होते.

दुसऱ्या दिवशी ते रंगाचा डबा घेऊन वर आले. पंज्यापाशी त्यांचा हात अडला. तेवढा जपून ठेवावा म्हणून त्यांनी सुरीचं टोक हळूच रंगाखाली घातलं. पापुद्रा अख्खा निघाला. खाली पट्टी नव्हतीच, नुसता भुगा. अण्णांचं बोट आरपार गेलं.

"गोदा," ते तिथूनच ओरडले, "अगं, पोर नुसत्या रंगाला धरून उभी होती गं!"

मग स्टीलचा नवा कठडा आला आणि मला इथे आणून टाकलं. गणपतीत अण्णा स्वतः जाऊन त्या तिघांना दर्शनाला घेऊन आले. वर गॅलरीत नेलं. "बघ आश्लेषा, हत्ती बांध याला!" म्हणत त्यांनी दोन्ही टोकं हलवून दाखवली. "परत या गं. जागा कोणाला दिलेली नाही मी."

तुळशी हात पुढे करून धावली. "छान झालाय, अण्णा," आश्लेषा हसून म्हणाली, पण पोरीचा झगा तिने मुठीतून सोडला नाही. अण्णांनी ते पाहिलं. इथून मीही पाहिलं.

उद्या भंगारवाला येईल. मी वितळेन, पुन्हा दुसरं काहीतरी होईन. जाता जाता एवढंच मागणं आहे. हलतंय असं कोणी सांगितलं, तर त्या माणसाने दाखवलेल्या टोकालाच हात लावून बघा.