संध्याकाळच्या गाडीचे साहेब

आमच्या गल्लीत दुपारी काही म्हणजे काही घडत नाही. सकाळच्या गाड्यांनी माणसं शहरात निघून जातात आणि मागे उरतात ती कुंपणं, दोरीवरचे कपडे आणि एखादं मांजर, तेही झोपलेलं. घरं सगळी एकाच नकाशाची. तेच उतरतं छप्पर, तोच फिकट पिवळा रंग, त्याच दोन पायऱ्या, डाव्या हाताला तोच छोटा गाळा. बांधणाऱ्याने एक घर बांधलं असणार आणि मग कंटाळा येईपर्यंत तेच बांधत सुटला असणार. उन्हात रस्त्याकडे बघत बसलं की आपण जागे आहोत की नाही, हेच कळेनासं होतं.

नोकरी होती तोवर मला ही दुपार माहीतच नव्हती. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर होते. आयुष्यभर लोकांची बोलणी खाल्ली आणि बऱ्यापैकी परतही केली. माझा आवाज चढा आहे म्हणतात. त्या खिडकीत बसून बघा म्हणावं चार दिवस, मग बोला.

घरी असायचे ते आमचे हे. गाळ्यात बसून खुर्च्या आणि सोफे नव्याने मढवायचे. सुई कॉलरला टोचलेली, तोंडात दोरा, अंगाला कापूस चिकटलेला. गल्लीतल्या एकूण एक घरात ह्यांच्या हातची निदान एक खुर्ची आहे. दिवसा गल्लीत हे एकटेच, म्हणून सगळ्यांनी जादा किल्ली आपापल्या फाटकाजवळच्या मीटरच्या डब्यात टांगून ठेवायची, असं आपोआपच ठरून गेलं. नळवाला आला, पार्सल आलं, कुणाची खिडकी उघडी राहिली, की हे जाऊन दार उघडणार. ती पद्धत अजून चालू आहे. चोरांचं फावेल म्हणता? अहो, आमच्या गल्लीत आलेला चोर कुठल्या तरी पायरीवर घोरत पडेल.

इथे नवीन राहायला आलो तेव्हाची गोष्ट. मला परतीच्या गाडीत डुलकी लागली होती. तशीच अर्धवट झोपेत स्टेशनवरून चालत आले, दार उघडं दिसलं, आत गेले, बूट काढले, खुर्चीत बसकण मारली आणि ओरडले, "अहो, चहा टाका आधी, डोकं नुसतं उठलंय!" आतून एक अनोळखी गृहस्थ आले, अर्ध्या गालाला दाढीचा फेस. माझ्याकडे बघितलं आणि बिचारे घाबरत घाबरत म्हणाले, "साखर किती?"

माझी बोबडीच वळली. तेवढ्यात दारात हे. "आमचे साहेब इकडे आलेत का हो?" मला हे घरात साहेबच म्हणायचे, ऑफिसला मी जात होते ना. हसून हसून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या वेळेला हे हातातलं काम टाकून फाटकाशी उभे राहायला लागले. माझे बूट रस्त्यावर वाजले की मान वर करायचे आणि म्हणायचे, "या साहेब. हेच घर." मग वर्षानुवर्षं तेच. कधी मी वैतागलेली असायचे, कधी भांडून गेलेली असायचे, तरी तेच. मी वरवर "पुरे झाली थट्टा" म्हणायचे. खरं तर गल्लीच्या तोंडाशी आले की माझी पावलं आपोआप भरभर पडायची.

मी निवृत्त झाले आणि आता दोघं निवांत बसू म्हटलं, तर ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी शब्द गेले, मग वार गेले. सकाळी सगळं ठीक असतं. मला नावाने हाक मारतात, चहा पाणचट झाला म्हणून कुरकुरतात. ऊन कलायला लागलं की ह्यांची नजर बदलते. मग मी "बाई" होते. "बाई, तुम्ही दमला असाल, बसा जरा." इतक्या आदराने बोलतात की माझं काळीज तुटतं. परक्या माणसाशी बोलावं तसं माझा माणूस माझ्याशी बोलतो, आणि मी गाऊनला हात पुसत "हो" म्हणते.

आणि मग लोकांच्या घरात सापडायला लागले. डब्यातली किल्ली काढायची, आत जायचं, सगळ्या खोल्या फिरायच्या. आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पण कोपऱ्यावरच्या घरात दातांची डॉक्टरीण राहते, तिची मुलगी कॉलेजातून लवकर आली आणि तिला आपल्या खोलीत हे उभे दिसले. पोरीने किंचाळून गल्ली डोक्यावर घेतली. त्यात तिची काय चूक?

आमचे चिरंजीव शहरात असतात. ते धावत आले. "आई, आता पुरे. मी एक संस्था बघून ठेवलीय. चांगली आहे, बाग आहे, नर्स आहेत. पुन्हा एकदा जरी बाबा कुणाच्या घरात सापडले ना, तर मी तुझं ऐकणार नाही. सरळ घेऊन जाणार."

"आणि मी?"

"तू आठवड्यातून दोनदा भेटायला जा."

मी त्याला नको नको ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि जाताना डॉक्टरीणबाईंना सांगून गेला, की असं काही दिसलं तर तडक फोन करा. पोटचा पोर, वैरी नाही तो. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. ह्यांना बागेची काय गरज? मला ते घरात हवे होते, बस्स. "बाई" म्हणाले तरी चालेल, पण घरात.

मग मी दाराला कुलूप घालायला लागले. संध्याकाळ होत आली की हे दाराशी जाऊन मूठ हलवायचे. "बाई, उघडा हो. मला जायला हवं. उशीर होतोय." कुठे जायचंय विचारलं की सांगता यायचं नाही. मी चिडायचे, मग रडायचे, मग चहा करायचे.

त्या दिवशी पंख्याखाली माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन तिरकं झालं होतं आणि दार सताड उघडं होतं. किल्ली माझ्याच पदरी, म्हणजे गाऊनच्या खिशात असायला हवी होती. ती मीच दाराला लावून ठेवली होती! वा गं शहाणे, म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास.

अनवाणीच बाहेर पळाले. गल्ली नेहमीसारखी गप्प. एकेका फाटकाशी जाऊन मीटरचा डबा उघडायचा आणि किल्ली टांगलेली आहे ना बघायचं. आहे. आहे. इथेही आहे. सगळी घरं सारखी, सगळे डबे सारखे. तेच तेच फाटक पुन्हा पुन्हा उघडतेय असं वाटायला लागलं, स्वप्नात पळावं आणि पुढे जाऊच नये तसं. कोपऱ्यावरच्या डब्यात किल्ली नव्हती. डॉक्टरीणबाईंचंच घर. दुसरं घर नाही मिळालं ह्या माणसाला!

हे बैठकीच्या खोलीत होते. हिरव्या खुर्चीत बसले होते. ती ह्यांनीच मढवलेली. बसल्या बसल्या खुर्चीच्या हाताच्या कडेची शिवण बोटाने चाचपत होते.

"या बाई," म्हणाले. "बसा. मी सगळीकडे बघून आलो, इथे काही आले नाहीत."

"कोण आले नाहीत?"

"आमचे साहेब."



"गाडीत झोप लागते तिला," हे समजावून सांगायला लागले. "एकदा चुकून दुसऱ्याच घरात शिरली होती. सगळी घरं सारखी ना. तेव्हापासून मीच बघतो. हल्ली कितीतरी दिवस झाले, येतच नाही ती. कुणाच्या तरी घरात जाऊन बसली असेल, चहा मागत." मग आवाज उतरला. "तिला कुणी सांगायला नको का, की हे आपलं घर नव्हे म्हणून?"

मी मट्कन खाली बसले. इतके दिवस आम्ही सगळे समजत होतो की हे वाट चुकतात. हे कुठे चुकत होते? हे मला शोधत होते. घराघरांतून, खोल्याखोल्यांतून मला हुडकत फिरत होते, आणि मी घरी गाऊन घालून ह्यांच्यावर कुलूप लावून बसले होते. मला हुंदका आला, तोंडावर हात धरला तरी आवरेना. ह्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला. "रडू नका बाई. सापडेल ती. हुशार आहे, फक्त चिडकी आहे."

दारात डॉक्टरीणबाई उभी होती. पर्स अजून खांद्याला, मोबाइल हातात. कधी आली, किती ऐकलं, कोण जाणे.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मला तुमच्या मुलाला कळवायला लागेल हो. मी शब्द दिलाय."

"कळव. नाही म्हणत नाही मी. पण संध्याकाळची गाडी यायची आहे. तेवढं होऊ दे. ह्यांना आमच्या फाटकाशी नेऊन उभं कर आणि जवळ थांब. एवढंच कर माझ्यासाठी."

तिने एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्या अनवाणी पायांकडे. "जा तुम्ही," म्हणाली.

मी घरी धावले. कपाटातून ऑफिसचे कपडे काढले. कमरेत बसेनात. पोट आत घेतलं, मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या आणि बसवले. केस वर बांधले. माळ्यावरून टाचांचे, नाड्यांचे बूट काढले, त्यांवरची धूळ गाऊनने पुसली. खांद्याला ती जुनी बॅग. आत काही नव्हतं, पण रिकामी बॅग वेगळी दिसते, म्हणून दोन रद्दीचे अंक कोंबले. मागच्या दाराने निघाले आणि मागच्या रस्त्याने स्टेशन गाठलं.

गाडी आली. माणसं उतरली, त्यांच्यात मी मिसळले. कुणी ओळख दाखवली नाही, सगळे आपापल्या घराच्या तंद्रीत. वळणावळणावर एकेक जण गळत गेला. आमच्या गल्लीत वळले तेव्हा ऊन छपरांवरून उतरून गेलं होतं आणि सगळी घरं निळसर दिसत होती. मला खरंच कळेना आपलं कुठलं. माझेच बूट वाजत होते. मनात एकच, की ह्यांनी मला पुन्हा "बाई" म्हटलं तर मी कुठे जाऊ?

एका फाटकाशी एक माणूस उभा होता. बूट ऐकून त्याने मान वर केली.

"या साहेब," हे म्हणाले. "हेच घर."

मी फाटकाशी जाऊन थांबले.

"उशीर केलात आज. केवढा उशीर केलात!" ह्यांनी बॅग माझ्या खांद्यावरून काढून घेतली, पूर्वी घ्यायचे तशीच.

"गाडी रखडली," मी म्हणाले. नेहमी हेच म्हणायचे मी.

कुंपणापलीकडे डॉक्टरीणबाई उभी होती. ती खूप वेळ हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. मग तिने तो पर्समध्ये टाकला आणि डोळे पुसत आपल्या घराकडे गेली.

आम्ही दोघं दोन पायऱ्या चढलो. आत येऊन ह्यांनी इकडेतिकडे बघितलं, स्वयंपाकघरातही डोकावले, आणि माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "दिवसा इथे एक बाई असतात. फार करतात गं माझं. आज तर रडल्या बिचाऱ्या."

"हो का? मग सांगू का त्यांना, उद्या येऊ नका म्हणून?"

"छे, छे! येऊ देत त्यांना," हे म्हणाले. बॅग खुंटीला अडकवली, माझ्या समोर बसले आणि खाली वाकून माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "दिवसा त्या असू देत. पण संध्याकाळी तू येत जा."

"येईन," मी म्हणाले. "रोज येईन."