मागच्या सीटवरचे सासरे

देवदत्तने पिकअप घेतली तेव्हा अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या मराठी मंडळात असं हसू फुटलं, की म्हणे थेट कोलंबस शहरापर्यंत खिडक्या थरथरल्या. दिवसभर घरी लॅपटॉपपुढे बसणारा माणूस, फार तर कोथिंबिरीची जुडी वाहून आणणार, त्याला मागे एवढा उघडा हौदा कशाला? पण उन्हाळाभर देवदत्त ऐटीत फिरला. बर्फ पडला आणि ऐट उतरली. गाडी मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी, इंजिनाचं ओझं सगळं पुढे आणि मागे मोकळा हौदा. घराजवळच्या चढावर चाकं जागच्या जागी अशी गरगरायची, की बर्फाची वाफ होऊन वरच्या झाडावरची खार घामाघूम व्हायची. गाडी मात्र चढायची नाही. शेपूट हलवत तिरकी व्हायची आणि शेजाऱ्याच्या टपालपेटीला धडकून परत यायची.

टपालपेटी तिसऱ्यांदा उभी करताना शेजारी म्हणाला, "मागे वजन टाक. वाळूच्या चार गोण्या, बरोबर चाकांच्या वर. मग बघ."

वाळू आणायला देवदत्त निघाला तेव्हा सासरे सोबत आले. पुरुषोत्तम नागपूरचे, रेणूचे वडील. बायको, सुमित्रा, गेल्यावर पहिल्यांदाच हिवाळाभर लेकीकडे राहायला आले होते. माणूस असा भारदस्त, की लग्नात पाया पडताना देवदत्तला आपण एखाद्या इमारतीपुढे वाकलोय असं वाटलं होतं. पुढच्या सीटवर रेणूने लायब्ररीत परत द्यायला सांगितलेल्या पुस्तकांचा ढीग होता, म्हणून सासरे मागच्या सीटवर बसले.

दुकानात वाळू संपलेली. पण परतताना चढ आला आणि गाडी ताज्या दमाच्या बैलजोडीसारखी सरळ वर गेली. देवदत्तने आरशात पाहिलं. सासरे सीटच्या मधोमध बसून बाहेरची शोभा बघत होते.

तिथे त्याच्या डोक्यात किडा शिरला. वाळू उचलावी लागते, भरावी लागते. हे वजन स्वतः बूट घालून येतं, स्वतः पट्टा लावतं, आणि वर गप्पाही मारतं.

"बाबा, येताय का चक्कर मारायला?" हे तेव्हापासून रोजचं झालं. दूध, पोस्ट, लायब्ररी, काहीही.

"पुढं बसू का, जावईबापू?"

"मागे ऐसपैस बसा ना. मधोमध. दोन्हीकडचं दिसतं."

गाडी रस्ता अशी घट्ट धरून चालू लागली, की तिच्या चाकोऱ्यांतून गल्लीतल्या बारक्या गाड्या कोंबडीमागच्या पिलांसारख्या ओळीने येऊ लागल्या. बर्फ काढणारा माणूस पिकअप दिसली की सरळ घरी जेवायला जायचा.

आणि सासरे? बर्फ पडला की ते अंघोळ उरकून, मफलर गुंडाळून दारात हजर. नागपूरच्या मित्रांना फोनवर सांगायचे, "जावई मला सोडून कुठं जातच नाही नं. पोटचा पोरगा नाही करत एवढं." हे कानावर आलं की देवदत्तला एकदम काहीतरी काम आठवायचं आणि तो खोलीतून उठून जायचा.

मग रेणूने वडिलांची साखर मनावर घेतली. भात बंद, गोड बंद, जेवणावर शतपावली. सासऱ्यांचं वजन उतरायला लागलं. एका सकाळी वळणावर गाडीने पुन्हा शेपूट हलवलं. पुढच्या वळणावर देवदत्त डोनटच्या दुकानात शिरला.

"घ्या बाबा एक. रेणूला सांगू नका."

"अरे वा!" सासऱ्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. "तुम्हालाच कळतं बघा माझ्या मनातलं."

एकाचे दोन झाले, दोनाचे किती झाले ते दुकानदाराला ठाऊक. गाडी सरळ चालत राहिली. पुढचा रिपोर्ट आला आणि रेणूने तो जेवणाच्या टेबलावर आपटला.

"बाबा, साखर इतकी वाढलीच कशी? काय खाता तुम्ही चोरून?"

सासऱ्यांनी देवदत्तकडे पाहिलं. ओझरतं. मग मान खाली घालून म्हणाले, "गूळ खातो गं, डब्यातला. सुटत नाही जीभ."

रेणू रडली. गुळाचा डबा उचलून तिने सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. देवदत्तच्या तोंडातला घास तिथेच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने लांबच्या गावातून वाळू मिळवली, गोण्या स्वतः उचलून हौद्यात घातल्या आणि आधी रेणूला सगळं सांगितलं. "माझ्या बाबांना तू... यार, देवदत्त!" ती एवढंच म्हणाली आणि आत गेली. मफलर गुंडाळून सासरे बाहेर गाडीपाशी उभे होते.

"गोण्यांत काय आहे हो?"

"वाळू. बाबा, मी तुम्हाला फिरायला नेत नव्हतो. गाडी घसरू नये म्हणून नेत होतो. आणि डोनट... तुमचं वजन उतरू नये म्हणून."

सासरे गर्जना करतील, अशी तयारी देवदत्तने ठेवली होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सासऱ्यांनी एका गोणीवर हात ठेवला, थोपटल्यासारखा.

"एक सांगा. त्या दिवशी नदीकाठी गाडी थांबवून तुम्ही विचारलं होतं, सुमित्राचे शेवटचे दिवस कसे गेले म्हणून. मी कोणालाच सांगितलं नव्हतं ते. रेणूलाही नाही. तुम्हाला सांगितलं. तेपण वजनासाठीच होतं का?"

देवदत्तला तो दिवस लख्ख आठवला. पुढचा पूल गोठलेला होता, सासरे उतरून काठाने पायी फिरून येतो म्हणत होते, आणि त्यांना सीटवर धरून ठेवायला काहीतरी बोलणं भाग होतं. ऐकता ऐकता त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते, हेही खरं होतं.

"नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच उसना वाटला.

"बरं," सासरे म्हणाले. त्यांनी पुढचं दार उघडलं, बसले, पट्टा लावला. "चला. रेणूनं दूध सांगितलंय."

त्याच पुलावर काचेसारखा बर्फ होता. गाडी वाळूच्या जोरावर तसूभरही ढळली नाही, आणि देवदत्त स्टिअरिंग घट्ट धरून, एकदा तरी घसर, एकदा तरी घसर, असं तिला मनातल्या मनात विनवत राहिला.