उलट्या गाढवाचं तत्त्वज्ञान

ज्या माणसाने दोन वर्षं खपून एक नदी केली, त्याचं नाव गाजलं ते एका दुपारी उरकलेल्या गाढवामुळे. जगाला पारख नसते असं म्हणावं, तर जगाने टाळ्या वाजवल्या होत्या. आणि टाळ्या वाजवणाऱ्या जगाला नावं ठेवायची सोय नसते.

ऑफिसात त्याला सगळे पाणक्या म्हणत. व्हिडिओ गेम करणारं ते ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरचा एक मजला, माणसांपेक्षा वायरी जास्त. त्यांचा खेळ तसा साधा होता. एक व्यापारी परक्या राजाच्या किल्ल्यात अडकलाय, सोबत मालाने लादलेलं गाढव. पहारेकरी चुकवायचे, दारं उघडायची आणि शेवटी वेशीबाहेरची नदी उतरून घर गाठायचं. खेळाचं नावच मुळी 'पैलतीर'. ती नदी पाणक्याची.

निळा रंग फासला, झाली नदी, असला कारभार त्याने केला नव्हता. काठाशी पाणी संथ, मधे ओढ. दगडामागे भोवरा, त्यात एखादं पान अडकून गरगर फिरणार आणि मग सुटून वाहून जाणार. गाढवाने पाय टाकला की तळ ढवळून पाणी गढूळ होणार, जरा वेळाने निवळणार. उतार कुठे आहे, म्हणजे पायी पलीकडे कुठून जाता येईल, हे खेळणाऱ्याने पाण्याकडे बघून ओळखायचं, बाण नाही की खूण नाही. लग्नानंतर बायकोला घेऊन फिरायला गेला, तर हा गृहस्थ पुलाच्या कठड्याला पोट टेकून खांबामागचं पाणी बघत उभा राहिला. बायको शेवटी एकटीच जाऊन जेवून आली. तिने ते अजून माफ केलेलं नाही, आणि करूही नये.

गाढव हे त्याचं काम नव्हतंच. ज्याचं होतं तो जास्त पगारावर दुसरीकडे पळाला, तेव्हा मालक पाणक्याच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "अरे, तेवढं गाढव चालतं कर. नदी कुठे पळून जाते?" त्याने एका दुपारी गाढव चालतं केलं. तोंडासमोर भिंत आली की गाढवाने थांबायचं, हे त्याने लिहिलं. शेपटीकडे भिंत असली तर काय करायचं, हे लिहायचं राहून गेलं.

ही गोष्ट सापडली सासूबाईंना. सासूबाई म्हणजे खेळातले दोष हुडकायला ठेवलेली मुलगी. तिचं स्वतःचं लग्न अजून व्हायचं होतं, पण कशालाच चांगलं म्हणत नाही म्हणून तिला हे पद आधीच मिळालं होतं. तिने मीटिंगमध्ये सांगितलं, "गाढवाला मागे मागे चालवलं की ते भिंतीतून आरपार जातं. लगाम धरलेला व्यापारीपण जातो."

"पण गाढवाला मागे चालवणार कोण?" मालक म्हणाले. "लोकांना काही उद्योग नाहीत का?"

लोकांना खरोखरच काही उद्योग नव्हते. खेळ बाजारात आला तेव्हा कुत्रंही फिरकलं नाही. मग कोणा रिकामटेकड्याने उलटं गाढव हाकत, पहारेकऱ्यांच्या नाकावर टिच्चून, मागच्या भिंतीतून बाहेर पडून दाखवलं. मागच्या बाजूला नदी लागतच नव्हती, थेट घराचं अंगण. तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. शाळकरी पोरं खेळायला लागली, मग त्यांचे आईबाप, मग आईबापांचे साहेब. आणि एका नामांकित समीक्षकाने लिहिलं, 'ज्याला भिंतीकडे पाठ करता येते, त्यालाच भिंत वाट देते.' मालकांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. त्या भिंतीतून मात्र अजून कोणी गेलेलं नाही.

"माझ्याकडे याची बग म्हणून नोंद आहे," सासूबाई म्हणाली. "तशीच ठेवू?"

"बग हा शब्द यापुढे गाढवाच्या बाबतीत तोंडातून काढायचा नाही," मालक म्हणाले. "हे फीचर आहे. मी पहिल्यापासून सांगत होतो, त्या गाढवात काहीतरी आहे."

मालकांच्या पहिल्यापासूनची सुरुवात नेमकी कधी होते, हे विचारायची त्या ऑफिसात पद्धत नव्हती.

"सर, पण मग नदीपर्यंत कोणी येतच नाही," पाणक्या म्हणाला. "लोक बाहेरच्या बाहेर घरी जातायत."

"येतील रे. खेळ चाललाय ना? तेलही गेलं तूपही गेलं असं तर नाही ना झालं?"

आठवड्याभरात खेळाचं नाव बदलून 'उलटं गाढव' झालं.

घरी पाणक्याचे सासरे आले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसऱ्यांच्या नोकरीत फार रस. "जावईबापू, ते गाढव तुमचंच ना?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"माझंच. पण ती चूक झाली होती हो."

"असं चार लोकांत बोलू नका! आमच्या वेळी चूक झाली की मेमो मिळायचा. तुमच्यात टाळ्या मिळतात. नशीब काढलंत."

"बाबा, त्यांना नदीचं वाईट वाटतंय," बायको आतून म्हणाली.

"कुठली नदी?" सासऱ्यांनी विचारलं. खेळ त्यांनी दोनदा पुरा केला होता.

ते झोपायला गेल्यावर पाणक्याने बायकोला विचारलं, "तू तरी पाहिलीस का गं?"

"मी पाहिली होती ना, पुलावरून, उपाशीपोटी." मग त्याचा चेहरा बघून ती जवळ येऊन बसली. "मी अजून दुसऱ्याच दारात अडकलेय. ते गाढव मला पुढेसुद्धा नीट चालवता येत नाही. पण येईन मी तिथपर्यंत, उलटी बिलटी न जाता."

त्या एका वाक्याने तो पेटला. दुसऱ्या दिवशी त्याने कोणालाही न विचारता गाढवाच्या कामात एक ओळ घातली. शेपटीकडे भिंत असेल तर थांब. बस्स, एवढंच. किरकोळ दुरुस्त्यांसोबत ती ओळ लोकांच्या फोनवर पोचली, आणि दुपारपर्यंत रान उठलं. गाढव मोडलं. आमचं गाढव परत द्या. कंपनीने खेळाचा आत्मा विकला. एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या यजमानांनी सकाळपासून अन्नाला तोंड लावलेलं नाही.

"कोणी केलं हे?" मालकांचा आवाज खाली चपलांच्या दुकानात गेला.

"मी केलं. चूक होती, ती दुरुस्त केली."

"चूक करताना मला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग दुरुस्त करताना का नाही विचारलंस?"

संध्याकाळच्या आत ती ओळ निघाली आणि गाढव पुन्हा भिंतीत शिरू लागलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे एकटा हरी नव्हता, अख्खं ऑफिस रांगेत उभं होतं.

पुढे लोकांना मागच्या भिंतीचाही कंटाळा आला. ते बाजूच्या भिंतींतून उलटे घुसायला लागले, आणि पूर्वेच्या भिंतीतून जे बाहेर पडले ते थेट नदीत पडले. गाढवाला पाण्यात पाठमोरं चालता येईना, ओढ लागून ते मालासकट वाहून जाई. तक्रारींचा पाऊस पडला. हे मधेच पाणी कसलं? बग आहे, काढा.

"पाणी जसं वागायला हवं तसंच वागतंय," सासूबाई मीटिंगमध्ये म्हणाली. तिने आजवर कशाचीही बाजू घेतली नव्हती, त्यामुळे सगळे चमकून बघायला लागले. "दोष गाढवाचा आहे. ते भिंतीतून आलं म्हणून पडलं."

"लोकांनी तक्रार कोणाची केलीय? गाढवाची की पाण्याची?"

"पाण्याची. पण सर, हे चोर सोडून संन्याशाला सुळी झालं."

"नोंद कर, नदी हा बग," मालक म्हणाले. "सपाट करा आणि गवत लावा."

"मला नाही जमणार ते," पाणक्या म्हणाला.

मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्याशिवाय कोणाला जमणार? ते पाणी कुठून कुठे जातं, तुलाच ठाऊक. आणि हे बघ, इथल्या सगळ्यांची पोटं त्या गाढवावर चाललीयत. तुझंही. पुढच्या महिन्यात खेळाच्या यशाचा समारंभ आहे, त्यात तुला माझ्या शेजारी बसवतोय. आता रुसून बसायची वेळ आहे का?"

त्याने नदी आपल्याच हाताने काढली. आधी भोवरा थांबवला, तेव्हा पान दगडामागे जागच्या जागी उभं राहिलं. मग मधली ओढ काढली, मग गढुळणं आणि निवळणं काढलं. राहिलं ते नुसतं निळं, त्यावर गवत टाकलं. त्याला रडू आलं. सासूबाईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि चहात काही दोष न काढता शेजारी बसून राहिली.

समारंभाला सभागृह गच्च भरलं होतं. मालक मागे जाण्यातल्या प्रगतीवर बराच वेळ पुढे पुढे बोलत राहिले. मग पाणक्याला माइक मिळाला. सुचलं कसं, असं विचारलं की काय सांगायचं हे त्याला पढवून ठेवलं होतं. "मला दाखवायचं होतं की पाठ फिरवणं म्हणजे हार नव्हे," तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. खोटं बोलताना पहिल्यांदा जीभ अडखळते, मग तिला वळण लागतं. तिसऱ्या उत्तरापर्यंत तो हातवारे करायला लागला होता. खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. अंगावर नर्सचे कपडे, ड्युटीवरून तशीच आलेली. "मला ते उलटं चालवायचं ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली. लोक हसले. "मी दारं उघडत उघडतच नदीपर्यंत गेले. पहिल्यांदा वाहूनच गेले. मग पाणी बघायला शिकले, तेव्हा उतार कळला. नंतर नंतर तर मी पलीकडे जायचंच सोडलं. घरी आले की नुसती काठाशी उभी राहून बघायचे. दगडामागे एक पान फिरायचं हो, फार बरं वाटायचं. परवा गेले, तर तिथे गवत. नदी का काढलीत?"

आजवर कोणी म्हणून पाणक्याला हे विचारलं नव्हतं. मंचावरून उतरावं, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसावं, कुठला दगड, कुठल्या काठाचा, पान कितीदा फिरून सुटायचं, सगळं विचारावं, असं त्याला इतकं वाटलं की त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. शेजारी मालक हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत होते. सभागृह वाट बघत होतं, आणि वळण लागलेली जीभ त्याच्यासाठी थांबली नाही.

"ती चूक होती," तो हसून म्हणाला. "दुरुस्त केली."

टाळ्या पडल्या. त्या ओसरेपर्यंत बाई उभीच होती.

"असं होय," ती म्हणाली. "मला वाटलं, ती नदी कुणीतरी मुद्दाम केली होती."