डावा स्क्रू, पाव फेरा

पायरी एक. तिपाई सपाट करणे. केली. पाणसळीतला बुडबुडा मध्ये आला, हे मीच बघून सांगितलं.

पायरी दोन नंतर. आधी अट.

दुर्बीण ज्या बैठकीवर फिरते तिचा आस आज ध्रुवताऱ्याच्या रेषेत लागला, तर दुर्बीण घरात राहणार. नाही लागला, तर उद्या शाळेच्या बाई येऊन नेणार. अट माझ्या नवऱ्याने स्वतःच घातली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतल्यावर, जिना चढताना.

पायरी तीन. अंधार पडता पडता ते गच्चीवर गुडघे टेकून आसातल्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावतात. तिच्यातल्या लाल वर्तुळात ध्रुवतारा आला की जमलं. मी स्क्रूंपाशी. तीस वर्षं हीच वाटणी: त्यांनी बघायचं, मी फिरवायचं.

"डावा. पाव फेरा."

"पाव तुमचा की माझा?"

"माझा. तुझा पाव म्हणजे अर्धा असतो. मिठाचंही तेच."

"मग ताट चाटूनपुसून कशाला संपवता?"

ते हसतात. "थांब, थांब. आला! वर्तुळात शिरतोय. आता उंचीचा, जरासा."

मी फिरवते.

पायरी दोन, जी राहून गेली: आसाच्या पुढच्या तोंडावरचं झाकण काढणे.

ते अजून तिथेच आहे. बाटलीच्या बुचाएवढं, काळं, माझ्या नाकासमोर. काढायचं काम माझंच.

"नीट दिसतोय ना हो?"

"लख्ख."

हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. मी केस कापून आले तेव्हासुद्धा नाही.

मी झाकण काढते. हळूहळू फिरवत, आवाज होऊ नये अशा बेताने. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहते. भुवई हलेल. निदान एखादी शिवी.

"हां, तस्साच. हलवू नकोस आता."

पायरी चार. स्क्रू आवळणे.

मी तो नुसता धरून ठेवते.

"झालं?" ते विचारतात. "मग बघ की तू एकदा."

मी त्यांच्या शेजारी बसते, डोळा लावते. लाल वर्तुळ. आत काही नाही.

"आहे," मी म्हणते. "अगदी मधोमध."

ते गुडघे झटकत उठतात.

"अगं, झाकण आत्ता काढलंस तू. ऐकलं मी."

"अहो..."

"बाईंना फोन कर. सकाळीच या म्हणावं. मी उठायच्या आत."