माझा पाझर बंद केला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी मातीची भिंत आहे आणि तुमच्या घरातल्या नळाची आजी लागते. दात घासताना तुम्ही जो नळ तसाच वाहू देता ना, त्याचं पाणी मी छातीवर तोलून धरलेलं असतं. लोक मला धरण म्हणतात. मला अक्षर येत नाही. पण पाण्याचा जोर माझ्याइतका कोणा पुस्तकवाल्याला कळला, तर नाव बदलीन.

माझ्याआधी शहर विहिरींवर जगायचं. विहिरी बिघडल्या, घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली, तेव्हा दोन टेकड्यांमधला ओढा अडवायचं ठरलं. चार वर्षं माणसं खपली. माझ्या पोटात चिकणमाती तुडवून घट्ट बसवली, दोन्ही अंगांना मुरूम घातला, पाण्याच्या बाजूला दगड रचले. आणि पायथ्याशी एक नळी ठेवली, मनगटाएवढी. माझा जीव त्या नळीत आहे. मातीची भिंत थोडी पाझरणारच. कष्टाचं अंग घामावाचून कुणी पाहिलंय? तो पाझर आतल्या वाळूतून गाळून नळीवाटे बाहेर येतो. नितळ आला, तर म्हातारी ठणठणीत. गढूळ आला, तर पाणी आतून माती पळवतंय, हे समजावं.

शहरात पहिलं पाणी पोचलं, त्या दिवशी बाया नळाखाली हात धरून नुसत्या उभ्या होत्या. माझ्या माथ्यावर बाकं आली, लोक फिरायला यायला लागले. मग सवय झाली. सवय झाली की कौतुक संपतं, हे काय मी सांगायला हवं?

विसरले नाहीत ते फक्त तात्या, पायथ्याच्या चौकीतले पहारेकरी. रोज सकाळी ते नळीखाली बादली लावत, ती किती वेळात भरते ते वहीत लिहीत. मग काचेची एक बाटली भरून खिडकीत ठेवत आणि संध्याकाळी तळाशी गाळ बसलाय का ते बघत. तात्या गेले. त्यांच्या जागी त्यांची मुलगी लागली. तिला सगळे ताई म्हणतात. खिडकी तीच, बाटलीही तीच.

गेल्या वर्षी नवे साहेब आले. बूट असे चकचकीत, की त्यात माझं तोंड दिसावं. नळीपाशी चिखल बघून म्हणाले, "ताई, धरण गळतंय आणि तुम्ही खाली बादली लावून बसलाय?"

"साहेब, हे गळणं थांबू नये. तात्या म्हणायचे..."

"तात्या इंजिनिअर होते का?"

"नव्हते. पण त्यांच्या वेळी धरण फुटलं नाही."

साहेबांना ते झोंबलं. वरून पाहणी यायची होती, सगळं कोरडं दिसायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी गवंड्यानं नळीच्या तोंडात सिमेंटचा बोळा ठोकला. पाहणीवाल्यांनी कागदावर लिहिलं, 'गळती शून्य', आणि पाठ थोपटली. इतक्या वर्षांनी माझं कौतुक झालं, तेही माझा गळा दाबल्याबद्दल!

मित्रांनो, ते बारा दिवस मी विसरणार नाही. बाहेर जायचं पाणी माझ्या पोटात चढत गेलं. घट्ट माती भिजून लोण्यासारखी व्हायला लागली. ओरडायला तोंड नव्हतं. होतं ते बुजवलेलं. खाली हाकेच्या अंतरावर घरं. ताईची आई तिथंच राहते. दोरीवर कपडे वाळत होते, कोणी भांडी घासत होतं. आणि मी मोजत होते, आज किती आणि उद्या किती.

तेराव्या दिवशी ताई माझ्या उतारावरून चालली होती. सगळीकडे गवत वाळून पिवळं पडलेलं, मधेच सतरंजीएवढा हिरवागार तुकडा. तिनं पाय ठेवला आणि चप्पल रुतली. तिनं तिथूनच फोन लावला.

"साहेब, भिंतीला मध्यावर ओल आलीय."

"दव असेल."

"भर दुपारी बारा वाजता?"

साहेब आले. चकचकीत बूट घोट्यापर्यंत आत गेला. बराच वेळ पाय उपसायचंही त्यांना सुचलं नाही. मग हळूच म्हणाले, "ताई, तात्यांनी काय केलं असतं?"

"आधी बोळा काढला असता. आणि खालची माणसं हलवली असती."

तलावाचे दरवाजे उघडून पातळी उतरवायला घेतली. ओलीवर आधी वाळू, वर खडी टाकली. माणसं टेकडीकडे निघाली. ताईची आई मात्र उंबऱ्यात ठाण मांडून बसली. "हे धरण माझ्या नवऱ्यानं सांभाळलंय. ते मला बुडवायचं नाही!"

"आई, तात्यांनी सांभाळलं म्हणून टिकलं. आम्ही बारा दिवस नाही सांभाळलं. ऊठ!"

म्हातारी उठली. लेकीच्या आवाजात तिला नवरा ऐकू आला असावा.

ज्या गवंड्यानं बोळा ठोकला, त्यानंच छिन्नी घेतली. बोळा सुटला आणि चहासारखं लाल पाणी उसळलं. ती माझी माती होती. ताईनं बाटली भरली, खिडकीत ठेवली, दुसरी भरली, तिसरी भरली. साहेब खिडकीबाहेर उभेच. सातव्या बाटलीत पाणी नितळ आलं, तळ दिसला, तेव्हा साहेब खाली बसले, तिथंच, चिखलात.

माणसं घरी परतली. गेलेली माती मात्र परत येत नाही. माझ्या पोटात कुठेतरी पोकळी राहिलीय. ती केवढी आहे, ते मलाही धड कळत नाही, आणि म्हणून मला हल्ली धीर नाही.

मित्रांनो, घरातलं जुनं माणूस कुरकुरतं तोवर फार काळजी नसते. ते एकाएकी गप्प झालं, तर 'सुटलो' म्हणू नका. जवळ जा, हात लावून बघा. भिंतीचंही तसंच आहे.

आज सकाळची बाटली खिडकीत आहे. संध्याकाळ व्हायला अजून वेळ आहे. पण ताई दोनदा येऊन तळ बघून गेली.