मी गळले ते बरंच केलं

मी एक नवीकोरी घरगाडी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायची तर अंगावर गंज चढलेला असावा लागतो, अशी तुमची समजूत असेल. मला तेवढा धीर नाही. वयाच्या पाचव्या महिन्यातच माझ्या गळतीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटायला निघालं, आणि ते मी मुकाट्याने पाहणार नव्हते.

मला स्वतःचं इंजिन नाही. मोटारीच्या मागे जोडलं की मी निघते. पोटात दोन बिछाने, एक शेगडी आणि हातभर ओटा. कारखान्यात मला जोडताना छपराच्या दोन पत्र्यांमधली रबरी पट्टी बसवायचीच राहिली. जेवणाची सुट्टी झाली, माणसं उठली आणि परत आल्यावर पुढच्या गाडीला लागली. वरून रंग चढला. दुकानात माझं कौतुक काय झालं, विचारू नका!

मला घरी नेलं दोघी बहिणींनी. धाकटी तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती. थोरलीला, म्हणजे ताईला, दमा. डोंगरातल्या मोकळ्या हवेत ताईला तीन महिने ठेवायचं, म्हणून तर धाकटीने मला घेतलं होतं. पण निघण्याआधी सवय व्हावी म्हणून ताई अंगणातच माझ्यात झोपू लागली, तोच पाऊस आला आणि मी तिच्या उशीवरच गळले. गादीला ओल धरली, कुबट वास सुटला, ताईची छाती भरून आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानाचा कारागीर तीनदा आला. तिन्ही वेळा त्याने आतून, थेंब दिसेल तिथे, गम थापला. धाकटीने दारामागे तक्ता टांगला आणि तापाच्या रोग्याची करावी तशी माझ्या गळतीची नोंद ठेवली. चौथ्या खेपेला त्याच्यासोबत दुकानाचे साहेब स्वतः आले. तक्त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ही गळती नव्हेच, ताईच्या चहाची वाफ छताला लागते, असं हसत हसत सांगून त्यांनी ‘तक्रार मिटली’ असा कागद पुढे केला. सही झाली की माझ्या छपराला पुन्हा कोणी हात लावणार नव्हतं.

वाफ! माझा नुसता संताप झाला. दोष माझ्या अंगात होता, पण तो मी केलेला नव्हता. आणि ताईच्या चहावर तर मी तो मुळीच ढकलू देणार नव्हते.

धाकटीने पेन बाजूला ठेवलं. “आत जखम तशीच ठेवून वरून पट्टी बांधायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात,” ती म्हणाली. “शेगडी बंद आहे. तुम्ही ताईच्या जागी बसा.”

मग तिने ताईला बाहेर खुर्ची दिली आणि हातात पाण्याची नळी. ताईने दम खात खात माझ्या छपरावर पाणी सोडलं. मित्रांनो, गमाने बुजवलेल्या जागा सोडून मी नवी वाट काढली. एक थेंब साहेबांच्या टकलावर, दुसरा चष्म्यावर, आणि मग सरळ त्या कागदावर धारच धरली. इतक्या आनंदाने मी कधी गळले नव्हते.

कारागीर कोणी न सांगता शिडीवर चढला. त्याने पत्रा उचकटला. “साहेब, पट्टीच नाही इथे,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मी वर कधी चढलोच नव्हतो.”

पट्टी बसली, गादी बदलली. नवा कागद आला तेव्हा धाकटीने आधी तासभर पाणी सोडलं, मगच सही केली. आता आम्ही डोंगरात आहोत. काल दुपारी धो धो पाऊस झाला आणि ताई खुशाल घोरत पडली होती.

मित्रांनो, मला जरूर जपा. चाकांत हवा भरा, खिडक्या पुसा. पण मी पुन्हा गळले, तर माझं तोंड बुजवायला येऊ नका. वर चढून बघा.